पाहुण्याचे व्रत

आतिथ्यधर्माविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ते बहुतेक यजमानाला उद्देशून. दारी आलेल्याला पाणी द्यावे, पाट मांडावा, रिकाम्या पोटी कोणाला पाठवू नये, ही सारी यजमानाची कर्तव्ये. पाहुण्याचे कर्तव्य काय, याचा विचार फारसा कोणी मांडत नाही. पुढ्यात आलेले आनंदाने खावे, एवढे एकच सूत्र पूर्वी पुरत असे. आता ते पुरेनासे झाले आहे. माणसे पूर्वीपेक्षा जास्त प्रवास करतात आणि निघताना कपड्यांच्या बॅगेबरोबर आपापली व्रतेही घेऊन निघतात. कोणी मांस खात नाही, कोणी मासळीही खात नाही, कोणी अंडे वर्ज्य मानतो. आणि अलीकडे दूध, दही, तूप, मध यांपैकी कशालाही न शिवणारी तरुण मंडळी आपल्या धर्मग्रामांतूनही दिसू लागली आहेत. त्यांना 'व्हीगन' म्हणतात. अशी व्यक्ती जेव्हा समुद्रकाठच्या एखाद्या गावी उतरते, जेथे वाऱ्यालाच सुक्या मासळीचा वास असतो आणि जेथे 'जेवलात का?' याचा अर्थच 'आज मासळी कोणती होती?' असा असतो, तेव्हा जो पेच उभा राहतो तो केवळ हॉटेलच्या मेनू कार्डाचा नसतो. तो नीतीचा पेच आहे, असे मला वाटते.

'व्हीगन' हा शब्द १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या मोजक्या स्नेह्यांनी घडवला. 'व्हेजिटेरियन' या शब्दाची आद्य आणि अंत्य अक्षरे जोडून तो तयार झाला. त्यापूर्वी जवळजवळ शंभर वर्षे, १८४७ साली, तेथील शाकाहारी मंडळाची स्थापना झाली होती, आणि ती झाली रॅम्सगेट नावाच्या समुद्रकाठच्या गावात! मासळीच्या गावात शाकाहाराची दीक्षा हा योगायोग मला फार आवडतो.

शब्द नवा असला तरी आचार नवा नाही, आणि आपल्या ख्रिस्तसभेला तर तो मुळीच परका नाही. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात देव मनुष्याला अन्न म्हणून देतो ते बीज देणाऱ्या वनस्पती आणि झाडांची फळे. मांसाची मुभा येते ती नवव्या अध्यायात, जलप्रलय ओसरल्यावर. संत बेनेडिक्टने आपल्या नियमावलीत चतुष्पाद प्राण्यांचे मांस अतिशय अशक्त आजाऱ्यांखेरीज सर्वांना वर्ज्य केले. पाओलाचे संत फ्रान्सिस (१४१६–१५०७) यांनी स्थापन केलेल्या मिनिम संघाचे सभासद जन्मभर उपवासकाळ पाळण्याची चौथी शपथ घेत; मांस, अंडी, दूध, लोणी, चीज, सारे वर्ज्य. इथिओपियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बांधव उपवासाच्या दिवशी दूधदुभत्याला आणि अंड्याला हात लावत नाहीत, आणि असे दिवस त्यांच्या पंचांगात वर्षाच्या निम्म्याच्या आसपास भरतात. केरळातील जुन्या वळणाच्या सुरियानी घरांत ईस्टरपूर्वीचे पन्नास दिवस अशाच रीतीने पाळले जात. कोवळम किंवा वर्कळ्याच्या किनाऱ्यावर 'येथे व्हीगन जेवण मिळेल' ही पाटी आज परदेशी पाहुण्यांसाठी लागते. पण त्याच राज्यातील ख्रिस्ती आजीबाई ते जेवण पाटी न लावता रांधत आल्या आहेत.

आपल्या लॅटिन परंपरेत हे सारे हळूहळू सैल होत गेले. १९६६ साली पोप सहावे पॉल यांनी उपवासाच्या नियमांची नवी मांडणी केली आणि १९८३ च्या विधिसंहितेतील १२५१ व्या कलमाने शुक्रवारचे मांसवर्जन राखले. परंतु मासळीला मांस मानले नाही. परिणामी शुक्रवारी पाव किलो मटण खाणारा पापी ठरतो, आणि त्याच्या दुप्पट किमतीची सुरमई तळून खाणारा व्रतस्थ. या विनोदावर आपण सगळेच अधूनमधून हसतो आणि सुरमईची दुसरी तुकडी मागून घेतो. तेव्हा एखाद्या व्हीगन मुलीच्या ताटाकडे पाहून 'हे काय नवे खूळ!' असे म्हणण्यापूर्वी आपण दोन घटका थांबावे हे बरे.

पण आपण थांबत नाही, आणि त्याला कारण आहे. आपल्या देशात शाकाहार हा शब्द निव्वळ दयेतून उगवलेला नाही. त्याला सोवळ्याओवळ्याचा वास आहे. मुंबईत आणि उपनगरांत मांसमच्छी खाणाऱ्यांना घरे नाकारणाऱ्या सोसायट्यांविषयी वर्तमानपत्रांतून अनेकदा छापून आले आहे; आपल्यातील कित्येक कुटुंबांनी तो अपमान जिन्यावर उभे राहून सोसला आहे. बोंबलाच्या वासावरून ज्याची पायरी ठरवली गेली, त्याच्याच मुलीने घरी येऊन 'मी मासळी सोडली' म्हटले तर बापाला वाटते की ही आता त्यांच्यात गेली. हे दुःख खरे आहे. उलट, आपल्या इतिहासाचे दुसरे पानही आपणच वाचायला हवे. गोव्यात १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली काही वर्षे वगळता, धर्मन्यायालय होते. त्याच्या १७३६ च्या फर्मानाने धर्मांतरितांच्या लग्नातल्या, पोशाखातल्या आणि स्वयंपाकातल्याही जुन्या रीतींवर बंदी घातली. विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यालेला गाव बाटला, ही वसईकडची लोककथा तर आपण लहानपणापासून ऐकतो. ताटात डोकावून माणसाची श्रद्धा मोजण्याचा उद्योग दोन्ही बाजूंनी झाला आहे. प्रभू येशूने मार्कच्या सातव्या अध्यायात त्याचा निकाल लावला: बाहेरून आत जाणारे काही माणसाला विटाळत नाही. म्हणून जो 'तुझे अन्न अपवित्र आहे' म्हणून ताट दूर सारतो त्याचे, आणि जो 'या जिवाला माझ्यासाठी मरावे लागू नये' म्हणून सारतो त्याचे, कृत्य बाहेरून एकसारखे दिसले तरी एक नाही. यजमानाला मात्र बाहेरूनच पाहता येते. पेच येथूनच सुरू होतो.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी पुण्याला नोकरी करते. एका गोठ्यात नुकत्याच जन्मलेल्या गोऱ्ह्याला आईपासून तोडून नेताना तिने पाहिले आणि तेव्हापासून तिने दूधदुभतेही सोडले. मांस, मासळी त्यापूर्वीच सुटली होती. मागच्या मे महिन्यात ती घरच्यांबरोबर गोव्याला, काणकोणला राहणाऱ्या आपल्या मावशीकडे गेली. मावशीचे घर पाळोळ्याच्या किनाऱ्यापासून फार दूर नाही. काका होडीवर जातात. घराच्या मागच्या दोन खोल्या हंगामात पर्यटकांना देतात. मुलीच्या आईने व्रताची गोष्ट आधी कळवलीच नव्हती. 'तेथे गेल्यावर बघू' हे आपल्या कुटुंबांचे जुने धोरण.

मावशीने इसवण राखून ठेवला होता. कोळंबीचा काल्दिन केला होता. दोन दिवस खपून, एकेक थर भाजत बेबिंका केली होती, आणि बेबिंका म्हणजे अंड्याचे बलक, तूप, साखर आणि नारळाचे दूध. मुलगी हळूच म्हणाली, "मावशी, यातलं मला काहीच चालणार नाही." मावशी आधी हसली, तिला ती थट्टा वाटली. मग आईने खुलासा केला. घर गप्प झाले. मुलीने वातावरण सावरण्यासाठी विचारले, "काल दुपारी तुम्ही घरी काय जेवलात?" मावशी म्हणाली, "आमी? शीत आनी सोराक." मुलगी आनंदाने म्हणाली, "मग मला तेच दे की!" आणि त्यावर मावशीच्या डोळ्यांना पाणी आले. "सोयऱ्यांक सोराक वाडूं?" एवढेच ती म्हणाली.

सोराक म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. नारळ, सुकी मिरची, धणे, हळद, चिंच किंवा आमसूल यांची मासळीविना केलेली आमटी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, बाजारात मासळी परवडत नाही, तेव्हा गोव्यातील गरीब घरात भातावर ही आमटी असते. जमल्यास बरोबर सुक्या बांगड्याचा तुकडा, नाहीतर कैरीचे लोणचे. म्हणजे ती आमटी व्हीगनच. पण निवडलेली नव्हे, नाइलाजाची. मुलीच्या दृष्टीने सोराक हे निर्दोष अन्न होते. मावशीच्या दृष्टीने ते तिच्या चुलीचे गुपित होते. नवऱ्याच्या होडीला काही मिळाले नाही त्या दिवसाचे अन्न पुण्याहून आलेल्या भाचीच्या ताटात वाढणे म्हणजे आपली गरिबी भरल्या पंगतीत वाढणे. दोघींपैकी कोणाचेही वागणे चुकले असे मला म्हणता येत नाही. आणि तरीही त्या दुपारी कोणी तरी दुखावले गेले. पुढच्या नाताळात ती मुलगी घरच्या जेवणाला आली नाही, पुण्यातच राहिली. तिची आई माझ्याकडे आली ती यासाठी.

या प्रसंगाचा मी बरेच दिवस विचार केला. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना आम्हाला विचारायला शिकवले जाई: कृत्य कोणते, हेतू कोणता, परिस्थिती कोणती? ते प्रश्न योग्यच आहेत. पण येथे मला आणखी एक साधा प्रश्न अधिक उपयोगी पडला: या व्रताचा भार कोण वाहतो आहे? व्रत माझे असेल तर त्याची किंमतही मीच मोजायला हवी. माझ्या व्रताची किंमत दुसऱ्याच्या खिशातून किंवा दुसऱ्याच्या मानातून जाऊ लागली, तर व्रत कितीही उदात्त असो, कोठेतरी हिशेब चुकला आहे.

दानिएलाची कथा या प्रश्नाच्या प्रकाशात पुन्हा वाचावी. तोही परमुलखात, परक्याच्या अन्नावर. राजाच्या पंक्तीचे अन्न नको, असे त्याने मनात ठरवले. परंतु त्याने ताट भिरकावले नाही, भाषण केले नाही. त्याने विनंती केली. वरच्या अधिकाऱ्याने आपली अडचण सांगितली: तुम्ही हडकलात तर राजा माझे डोके उडवील. दानिएलाने ती भीती ऐकून घेतली. मग देखरेख करणाऱ्या कारभाऱ्याला त्याने दहा दिवसांची परीक्षा सुचवली: आम्हाला डाळकडधान्य आणि पाणी द्या, मग आमचे चेहरे पाहा आणि तुम्हाला योग्य वाटेल ते करा. धोका त्याने आपल्याकडे घेतला आणि निर्णय कारभाऱ्याच्या हाती ठेवला. उपवासकाळातील प्रवचनांत आपण दानिएलाचा निग्रह सांगतो, त्याची अदब सांगायची राहून जाते.

संत पौलाचे करिंथ तर बंदराचेच शहर होते. पश्चिमेला लेखायोन आणि पूर्वेला किंख्रिया अशी दोन बंदरे, देशोदेशींचे खलाशी, व्यापारी, आणि मंडईत विकायला येणारे देवळांतील बळीचे मांस. ते खावे की न खावे, यावरून तेथील लहानशा ख्रिस्ती मंडळीत फूट पडली होती. पौलाचे उत्तर मोठे मार्मिक आहे. कोणी जेवायला बोलावले तर शंका न काढता खा. परंतु शेजारी बसलेल्या एखाद्याने सांगितले की हे मूर्तीला वाहिलेले आहे, तर खाऊ नका, आणि तेही स्वतःच्या नव्हे, त्या दुसऱ्याच्या सदसद्विवेकासाठी. रोमकरांस लिहिताना तो केवळ भाजीपाला खाणाऱ्याचा स्पष्ट उल्लेख करतो आणि दोघांनाही दटावतो: खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. तुच्छ लेखणे हे आपले, बहुसंख्य खाणाऱ्यांचे, खास पाप आहे. 'गवत खातेस काय?' असे भर पंगतीत विचारणारे काका प्रत्येक घरात एक तरी असतात. दोषी ठरवणे हे नव्या व्रतस्थांचे पाप. पौलाने रोग दोन ओळखले आणि दोघांची नावे वेगळी ठेवली, ही त्याची सूक्ष्मता.

संन्याशांनी हाच विचार आणखी पुढे नेला. इजिप्तच्या वाळवंटातील मठांना भेट देऊन आलेल्या योहान कास्सियानाने लिहून ठेवले आहे की तेथील वृद्ध तपस्वी पाहुणा आला की आपला नित्याचा उपवास मोडून त्याच्याबरोबर जेवायला बसत. एकाने त्याचे कारण असे दिले की उपवास तर सदैव माझ्यापाशीच आहे, तुम्हाला मात्र मी उद्या निरोप देणार. संत बेनेडिक्टनेही आपल्या नियमावलीच्या ५३ व्या अध्यायात मठाधिपतीला पाहुण्यासाठी उपवास मोडण्यास सांगितले आहे, विशेष महत्त्वाचा उपवासदिन सोडून. आणि असिसीचे संत फ्रान्सिस, ज्यांचे नाव आज प्राणिप्रेमी आणि शाकाहारी मंडळी आदराने घेतात, त्यांच्या १२२३ च्या नियमावलीत बंधूंना पुढ्यात आलेले सर्व अन्न खाण्याची मोकळीक आहे. कारण उघड आहे. ते भिक्षेकरी होते. भिक्षापात्रात काय पडावे हे भिक्षेकऱ्याने ठरवायचे नसते. निवड करणे हा श्रीमंताचा हक्क आहे, आणि फ्रान्सिसने तोच टाकला होता. चेलानोच्या थोमासने तर सांगितले आहे की नाताळ शुक्रवारी आला तेव्हा मोरिको नावाच्या बंधूने मांसवर्जनाचा प्रश्न काढला, तर फ्रान्सिस त्याच्यावर रागावले. या दिवशी भिंतींनाही मांस खाता आले असते तर बरे, असे त्यांचे म्हणणे!

एवढ्यावर मी थांबलो असतो तर निकाल मावशीच्या बाजूने लागला असता आणि आपण सर्वांनी समाधानाने सुरमईला हात घातला असता. परंतु भार कोण वाहतो, हा प्रश्न दुधारी आहे. तो प्रथम व्रतस्थाला विचारावा, मग स्वतःला.

व्रतस्थाला विचारताना इतिहासातील एक उदाहरण मला नेहमी आठवते. इटलीतील येशूसंघीय धर्मगुरू रॉबर्ट दे नोबिली १६०६ साली मदुराईला आले. तेथील ब्राह्मणांपर्यंत पोहोचावे म्हणून त्यांनी मांस, मासळी, अंडी सोडली. भात, भाजी, दूध यांवर दिवसातून एकदा जेवू लागले. त्यांचा त्याग खरा होता. तमिळ आणि संस्कृत शिकण्याची त्यांची तपश्चर्या थक्क करणारी होती. १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी त्यांच्या पद्धतीतील काही रीतींना मान्यताही दिली. पण त्यांच्या आधीपासून मदुराईत फादर गोन्सालो फर्नांडिस काम करीत होते आणि त्यांचा कळप होता परव जातीच्या, मोती काढणाऱ्या आणि मासेमारी करणाऱ्या ख्रिस्ती किनारकऱ्यांचा. नोबिलींना त्यांच्यापासून वेगळे घर करावे लागले. एका ताटाने एक दार उघडले आणि दुसरे लोटले गेले. लोटलेल्या दारामागे कोळी होते. नोबिलींच्या थोरवीविषयी मला शंका नाही. परंतु त्यांच्या त्यागाचा काही भार परवांनी वाहिला, ही नोंद मला त्यांच्या चरित्रातून पुसता येत नाही.

आजच्या गोव्याच्या किनाऱ्यावर, उत्तरेला हरमल, मांद्रे, दक्षिणेला आगोंद, पाळोळे येथे व्हीगन पाट्या लागल्या आहेत. बदामाच्या दुधाची कॉफी, टोफू, दूरवरून आलेली फळे. त्यांत निंद्य काही नाही. पोटापाण्याचा धंदा आहे आणि स्थानिक मुलांना त्यातून काम मिळते. गंमत एवढीच की त्याच गावांतील घरांत सोलकडी, अळसांद्यांचे तोणाक, हिंदू घरांतील खतखते, उकडे तांदळाची पेज, नाताळातील माडाच्या गुळाचा दोदोल आणि १५ ऑगस्टला मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाला हळदीच्या पानात उकडलेल्या पातोळ्या शतकानुशतके आहेत. सकाळी चहाच्या टपरीवर पातळभाजी आणि पोळी मिळते. गोव्यात पोळी म्हणजे कोंड्याचा पाव, हे आपल्याकडच्या प्रवाशाने ध्यानात ठेवावे. नारळाने या किनाऱ्याला दुधाची उणीव कधी भासू दिली नाही. जो प्रवासी यातले काही न विचारता आपल्या शहराचे जेवण किनाऱ्यावर मागतो, तो प्राण्यांना वाचवतो खरा, पण ज्या गावात आला त्या गावाला भेटत नाही. विचारणारा प्रवासी अधिक काटकसरीने आणि अधिक मानाने जेवतो. मात्र किसमूर म्हणून नारळावर पेरलेली सुकी कोळंबी आणि रश्श्यात लपलेले वाटण यांची चौकशी त्याने आधी करावी; ते नाराजीने नंतर काढण्यापेक्षा बरे.

येथे आपल्याकडच्या यजमानांसाठी एक वाक्य. अर्नाळा, राजोडी, कळंब या भागांत आपली कित्येक कुटुंबे पाहुणे ठेवतात आणि त्यांत जैन, गुजराती, व्हीगन, सगळे येतात. 'भाजीत थोडे सुकट टाकले तर कुठे कळणार आहे?' हा विचार विनोदातही आणू नये. ते अन्नातले खोटे आहे, आणि दुसऱ्याच्या सदसद्विवेकाशी केलेली लबाडी आहे.

आता स्वतःला विचारायची बाजू. माझ्या ताटातील मासळीचा भार कोण वाहतो? पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ६१ दिवस यांत्रिक मासेमारीला बंदी असते. हा कायद्याने समुद्राला दिलेला उपवासकाळच आहे. माशांना अंडी घालू द्यावीत, पिल्ले वाढू द्यावीत, एवढाच त्याचा आग्रह. त्या दोन महिन्यांतही आपल्याला पापलेट हवे असते, आणि मग बर्फात घालून ते दुरून येते. ट्रॉलरचे बारीक जाळे तळ खरवडते तेव्हा हवे ते आणि नको ते, मोठे आणि बोटाएवढे, सारे वर येते. नको ते मेलेले परत पाण्यात जाते. लहान होडीवाल्या काकांना काही मिळाले नाही, त्यामागे हेही एक कारण आहे. म्हणजे मावशीच्या घरी सोराक शिजते त्याला आपली मोठी भूकही थोडी जबाबदार आहे. ख्रिस्तसभेची शिकवण (१९९२ चा धर्मशिक्षण ग्रंथ, २४१७ आणि २४१८ ही कलमे) अन्नासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास मुभा देते. पण विनाकारण त्यांना दुःख देणे वा मारणे माणसाच्या प्रतिष्ठेला शोभणारे नाही, असेही बजावते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात प्रत्येक प्राणिमात्राला देवापुढे स्वतःचे मोल आहे, ते केवळ आपल्या उपयोगावरून ठरत नाही, असे सांगितले. 'विनाकारण' या शब्दाकडे नीट पाहावे. उकाड्याच्या दिवसांत, लग्नाच्या मांडवात, चार प्रकारच्या मांसाहारी पदार्थांपैकी दोन उकिरड्यावर जातात, ते कोणत्या कारणाने?

मी स्वतः मासळी खातो. पुनरुत्थित प्रभूने तिबिर्या सरोवराच्या काठी कोळशाच्या विस्तवावर मासे आणि भाकर तयार ठेवून थकलेल्या शिष्यांना न्याहारीला बोलावले, आणि 'तुम्ही आत्ता धरलेल्यांतलेही थोडे आणा' असे सुचवले, ही कथा वाचणाऱ्या माणसाला मासळी खाणे मुळातच पाप आहे असे म्हणता येणार नाही. पण मुभा आहे म्हणून हिशेब नाही, असे त्यातून निघत नाही.

व्रताची अक्षरे आणि व्रताचा आत्मा यांविषयी गांधीजींचे उदाहरण आपल्या सर्वांना ठाऊक आहे. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूध सोडले. पुढे १९१८ च्या आजारपणात ते मरणाच्या दारी पोहोचले. शपथ घेताना मनात गाईम्हशीचे दूध होते, मग शेळीचे का नको, असे कस्तुरबांनी सुचवले आणि त्यांनी ते घेतले. शपथेचे अक्षर राहिले, आत्मा दुखावला, असे त्यांनी आत्मकथेत स्वतःच कबूल केले आणि ती बोच पुढेही बाळगली. मला त्यात मोठेपणा दिसतो तो असा की त्या बोचेचा भार त्यांनी कस्तुरबांवर टाकला नाही.

त्या मुलीशी माझे या सगळ्यावर दोनतीनदा बोलणे झाले. आधी कळवावे, उशिरा कळवणे हा यजमानावर अन्याय आहे, हे तिला पटले. यजमानाच्या घरी जाताना आपण स्वयंपाकघरात उभे राहावे, नारळ खवावा, एक पदार्थ आपल्या हाताने करून सर्वांना वाढावा, हेही पटले. नाताळला न येणे हा व्रताचा भाग नाही, त्या दिवशी वेगळे ताट घेऊन का होईना पण त्याच टेबलावर बसणे हाच अधिक कठीण उपवास आहे, यावर ती काही बोलली नाही. एका गोष्टीवर मात्र आमचे जमले नाही. मी विचारले, मावशीने दोन दिवस खपून केलेल्या त्या बेबिंकेचा एक घास, केवळ तिच्या कष्टांसाठी, घेतला असतास तर? वाळवंटातील तपस्व्यांनी घेतला असता. ती म्हणाली, "फादर, मावशीचे डोळे तुम्हाला दिसले. त्या गोऱ्ह्याचे दिसले नाहीत, कारण तुम्ही गोठ्यात नव्हता."

यावर माझ्याजवळ त्या क्षणी उत्तर नव्हते आणि अजूनही पुरते नाही. येत्या मे महिन्यात ती पुन्हा काणकोणला जाणार आहे. या वेळी फोन तिने स्वतः केला. आणि मावशीने विचारले आहे, की सोराकात कैरी घातली तर तिला चालेल का.